नमुना क्रमांक सात, पातेलं

नूरमोहम्मदभाईंनी "नाव काय टाकू?" म्हणून विचारलं, आणि त्याच वेळी दमयंतीच्या फोनवर तिचं नाव आलं. न विचारता आलेलं. औरंगपुऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीवरच्या गोणपाटावर नूरमोहम्मदभाई बसतात. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात विजेची सुई, मांडीवर ज्याचं त्याचं भांडं. आसपासच्या दोन-तीन तालुक्यांतल्या लेकी सासरी जाण्याआधी त्यांची भांडी या मांडीवरून गेलेली. आज मांडीवर जेवणाचा डबा होता, अप्पारावांसाठी. अप्पाराव म्हणजे दमयंतीच्या कॉलेजातले, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतले सेवक. ते महिनाअखेर निवृत्त होत होते, आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला जेवणाचा डबा द्यायची स्टाफरूमची जुनी परंपरा होती. दुसऱ्या दिवसापासून हा डबा घेऊन माणसानं जायचं कुठं, हे तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. डबा निवडायचं काम दरवेळी दमयंतीकडं यायचं. कारण ती बाई होती, आणि टोर्नेडोवर संशोधन करणारी बाई असली तरी भांड्यांतलं तिला कळणारच, असं सर्वांचं मत होतं.

फोनवर चौदा पानांचा अहवाल आला होता. लासूर स्टेशनजवळच्या दांडगेवस्तीवर अकरा मे रोजी झालेल्या वादळी वाऱ्याबाबत, तथ्यशोधन समितीचा. चौदाव्या पानावर चार नावं. चौथं डॉ. दमयंती राजूरकर, सहयोगी प्राध्यापक. नावापुढं 'सहमत' असं छापूनच टाकलेलं, आणि त्याच्यापुढं सहीसाठी एक रिकामी रेघ. ज्या निष्कर्षाशी ती सहमत होती तो बाराव्या पानावर होता: सदर घटना ही सरळ दिशेने वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याची असून टोर्नेडोचा कोणताही पुरावा आढळून आलेला नाही. खाली समितीचे अध्यक्ष श्रीनिवास यांचा स्वतंत्र निरोप. 'पाचपर्यंत येऊन सही कर. तुझी यंत्रांची फाईलही काढून ठेवली आहे.'

"म्याडम, नाव," नूरमोहम्मदभाई म्हणाले.

"थांबा जरा."

"थांबतो की. बिना पूछे आपण कुणाचं नाव टाकत नाय. स्टीलवर एकदा उमटलं की गेलं काम."

श्रीनिवास विद्यापीठात तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि प्रॅक्टिकलमध्ये आधी उत्तर लिहून मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं घ्यायचा. याच गुणावर तो पुढं बराच वर गेला. वाईट माणूस नव्हता. यंत्रांची फाईल म्हणजे चार ठिकाणी हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा सेकंदासेकंदाला टिपणाऱ्या चार यंत्रांसाठी तिनं केलेली मागणी. सहा वर्षं ती फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर वाऱ्याच्याच न्यायानं, कमी दाबाकडं, सरकत होती. आता ती श्रीनिवासच्या टेबलावर होती. फाईल आणि सही या दोन गोष्टी त्यानं एकाच निरोपात, पण दोन वेगळ्या वाक्यांत लिहिल्या होत्या. एवढी शालीनता त्याच्याकडं पहिल्यापासून होती. तिला दोन वर्षांनी स्वतःलाच डबा मिळणार होता. त्याआधी यंत्रं मिळाली तर एखादा उन्हाळा हाताशी लागेल, एखादा फिरता ढग नेमका त्यांच्यावरून जाईल. एका सहीचं काम. सही म्हणजे काय, वाऱ्याला वारा म्हणायचं. खोटंही नाही. टोर्नेडो हा वाराच असतो, जसा वाघ हा प्राणीच असतो.

तिनं नवव्या पानावरचं छायाचित्र क्रमांक तीन बोटांनी मोठं केलं. ती ते मोठं करणार हे तिला ठाऊक होतं. दुखऱ्या दाताकडं जीभ जातेच. वस्तीच्या मधल्या गाडीरस्त्यावर, पूर्वेकडं तोंड करून, एकामागे एक अठ्ठावीस पत्रे. शिस्तीत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. छायाचित्राखाली ओळ: 'पत्र्यांची एकसमान दिशा वाऱ्याची सरळ गती दर्शवते.' बारा मेच्या सकाळी ती वस्तीवर पोचली तेव्हा हे पत्रे असेच होते आणि शेजारी कडुबा उभा होता, वस्तीचा कारभारी, हातात खडू. प्रत्येक पत्र्यावर धन्याचं नाव. "बगा म्याडम, समदं ओळीत लावलं," तो म्हणाला होता, "रातीच. बॅटऱ्या घेऊन." पत्रे कुठं कुठं पडले होते, असं तिनं विचारलं तर तो हसला. "जिकडं तिकडं. झाडावर, हिरीत. तुमीच तं सांगितलं व्हतं की, क्यांपात. वादळ झालं की पयले पत्रे उचला, लेकरांचे पाय कापत्यात. वळीनं लावा, नावं टाका, मंजे सायबाला मोजायला बरं."

तिनंच सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी, कॉलेजचं शिबिर घेऊन ती त्या वस्तीवर सात दिवस राहिली होती, तेव्हा आपत्ती व्यवस्थापन या विषयावर पाऊण तास बोलली होती. पन्नास माणसं ऐकत होती आणि तिला वाटलं होतं, ती चहाची वाट पाहताहेत. आयुष्यात दिलेल्या हजारो व्याख्यानांपैकी एकच कुणीतरी अमलात आणलं, आणि ते हे. पत्रेच नव्हे, सगळंच. दोन कडुलिंबाची झाडं मुळासकट पडली होती, एक पूर्वेकडं डोकं करून आणि एक पश्चिमेकडं. दुपारपर्यंत ती फोडून रचली गेली, रस्ता मोकळा हवा म्हणून. वस्तीतल्या बन्सीच्या उन्हाळी मक्यात वाऱ्यानं काय वळणं काढली होती ते पाहायला ती वळली तोवर बन्सीनं आडवा मका वाया नको म्हणून गुरं सोडली होती. शाळेच्या खिडकीत तिनं स्वतःच्या हातानं बसवलेलं दाबाचं एकुलतं एक यंत्र होतं. त्यातले सेल गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. घड्याळ वादळातही अचूक चाललं. म्हणून वेळ तेवढी पक्की होती, चार वाजून दहा मिनिटं. जगात वादळाचा पुरावा वादळाइतका नीटनेटका कुणी आवरला नसेल, आणि आवरणाऱ्यांना ते शिकवणारी बाई त्यांच्यामध्ये वही घेऊन उभी होती. समितीपुढं ती एवढंच म्हणाली होती की पत्रे नंतर हलवले गेले. "कशावरून?" श्रीनिवासनं विचारलं होतं. ती गप्प बसली होती. कशावरून ते सांगायचं तर शिबिर सांगावं लागलं असतं. गेले पाच आठवडे ती गप्पच होती, आणि त्या गप्पपणाला आता 'सहमत' असा छापील शब्द मिळाला होता.

नऊ वर्षांची असताना ती वावटळीत उभी राहिली होती. घराजवळच्या मैदानात चैत्राच्या दुपारी वावटळी उठायच्या, पाचोळा, कागद, पतंगाचे सांगाडे घेऊन गरगरत यायच्या. मुलं चप्पल काढून भिरकावायची. आत भूत असतं, चप्पल लागली की पळतं. तिनं चप्पल फेकली नाही, ती आत गेली. बाहेरून जे खवळलेलं दिसत होतं त्याच्या आत, दोन श्वासांपुरतं, काहीच नव्हतं. कानांत दडे. डोळ्यांसमोरून एक चिंचेचं पान हळूहळू वर चाललेलं, जिना चढल्यासारखं. मग धूळ, मग आईची थप्पड. पोरीच्या जातीनं मोकळ्या केसांनी वावटळीत जाऊ नये, म्हणे. भूत धरतं. धरलं ते खरंच. त्या पानाचा पुढचा प्रवास कसा झाला असेल, एवढ्या एका प्रश्नावर तिनं पदवी घेतली, डॉक्टरेट घेतली, प्रयोगशाळेत जुन्या कुलरचा पंखा उलटा बसवून काचेच्या पेटीत उदबत्तीच्या धुराचे टोर्नेडो केले. पंखा सुरू करणं आणि उदबत्ती लावणं अप्पारावांचं काम. ते लावताना नमस्कारही करायचे, आणि तिनं त्यांना कधी अडवलं नाही. फुगडीत हात आवळले की वेग वाढतो, तसं फिरती हवा वर ओढली गेली की आवळते, आणि आवळली की पिसाळते, इथपर्यंत सगळं ठीक. पण आभाळात इतके ढग फिरतात आणि त्यांतला एखादाच जमिनीला पाय टेकतो. बाकीचे फिरून फिरून घरी जातात. तो एखादाच का, हे अजून जगात कुणालाही धड सांगता येत नाही. हे माहीत नाही, असं म्हणणारा विषय तिला आवडला होता. समितीला सगळं माहीत होतं.

"हे पण काम आहे ना?" नूरमोहम्मदभाईंनी तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पातेल्याकडं बोट केलं.

होतं. तिनं पातेलं त्यांच्या हातात दिलं. कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली, 'नमुना क्र. ७', तिच्या अक्षरात. मध्यम आकाराचं, काठाला मुठीएवढा पोचा, बुडाशी अजून थोडी वाळली माती. बारा मेला ते तिला बन्सीच्या मक्यापलीकडं सापडलं होतं, वस्तीच्या पश्चिमेला तीनशे पावलांवर. वादळ पश्चिमेकडून आलं होतं. म्हणजे वादळ येत असताना हे पातेलं उठून त्याला सामोरं गेलं. सरळ वाऱ्यात पातेली अशी आगतस्वागताला जात नाहीत. समितीच्या पहिल्या बैठकीत तिनं ते टेबलावर ठेवलं होतं, तेव्हा एका सदस्यांनी ते कुत्र्यानं नेलं असावं असं मत दिलं आणि ते इतिवृत्तात आलं. कुत्रा. एकाच पातेल्यावर काही सिद्ध होत नाही, हे तिलाही मान्य होतं. मग ते प्रयोगशाळेच्या कपाटात राहिलं, आणि परवा पातेल्याच्या धनिणीचाच फोन आला. कडुबाची सून, प्रेरणा. "म्याडम, माझं पातेलं तुमच्याकडं हाय म्हणं. माहेरचं हाय वो ते." दमयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याचं भांडं महिनाभर ठेवून घेणारी बाई म्हणजे काय, हे सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही. निदान पोचा काढून, घासूनपुसून द्यावं म्हणून तिनं ते आज आणलं होतं.

नूरमोहम्मदभाईंनी पातेलं फिरवून नाव वाचलं. "चि. सौ. कां. प्रेरणा हिस मामाकडून. हा हात आपला नाय. 'प्र' बघा, लंगडतोय." मग लाकडी हातोडी काढली, पातेल्यात आतून मूठ घातली, पोच्यावर अंगठा फिरवला. "कुठं पडलं होतं?"

"वाऱ्यानं नेलं."

"नेऊ दे. नाव आहे त्याच्यावर." ते हातोडी तोलत म्हणाले, "लोकांना वाटतं चोरी होऊ नये म्हणून नाव टाकतात. चोराला काय, तो नावासकट नेतो. नाव टाकायचं कारण भांडं फिरतं. शेजारी जातं, लग्नात जातं, मय्यतीत जातं. नाव असलं की फिरून घरी येतं. बस."

हातोडी वर गेली आणि दमयंतीनं त्यांचं मनगट धरलं. भर रस्त्यात, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं. शेजारचा फुलवाला बघायला लागला.

"राहू द्या. पोचा राहू द्या."

"दुखलं का काय त्याला," नूरमोहम्मदभाई म्हणाले आणि हातोडी खाली ठेवली.

ती पुन्हा आवरायला निघाली होती. पत्रे रांगेत, पातेलं साफ, गप्प बसून सगळं ओळीत. पण मनगट धरलं ते फक्त त्यासाठी नव्हतं. भांडं फिरतं, असं ते म्हणाले होते, आणि तिच्या डोळ्यांसमोर दांडगेवस्तीची दोन ओळींची घरं आली, मधला रस्ता, आणि सगळ्या फडताळांतून एकदम उठलेली भांडी, प्रत्येकावर नाव, तारीख, कुणाकडून. पाच आठवडे ती पत्रे, झाडं, मका असल्या बाप्यांच्या गोष्टी मोजत हळहळत होती. परदेशातल्या निबंधांत वाचलेलं सगळं शोधत होती. प्रयोगशाळेच्या दाराशी चपलेसारखं बाईपण काढून ठेवायची इतक्या वर्षांची सवय. ते पायात असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की पत्रे माणसं आवरतात, पण भांडी बायका परत करतात. आणि परत करताना रिकामी करत नाहीत. कुणाचं भांडं कुठून आलं आणि आपण त्यात काय घालून पाठवलं, हे कोणतीही बाई मरेपर्यंत विसरत नाही.

तिनं प्रेरणाला फोन लावला. अप्पारावांच्या डब्याचं खोकं उलटं केलं आणि पेन काढलं. मध्ये एक आडवी रेघ, रस्ता. वर उत्तरेची ओळ, खाली दक्षिणेची.

"प्रेरणा, वादळानंतर तुझ्याकडं कुणाची भांडी आली? आणि तुझी कुणी आणून दिली? सगळं सांग. हळू सांग."

"सगळं? म्याडम, लई व्हईल."

"होऊ दे."

"आमच्या वळीची समदी बन्सीमामाच्या मक्यात नायतर त्याच्या बांधाला. माझी परात तिथंच. मामीनं आणून दिली, कुरडया घालून. थोरल्या काकूंचा डबा, गडू, तं शाळंच्या मागं. तनुजाबाईची किसणी बी."

"शाळा पश्चिमेलाच ना?"

"व्हय, मक्याच्याच अंगाला. समोरच्या वळीची मातूर नाल्याकडं, उगवतीला. त्यांचा कुकर नाल्यात गावला, शिट्टीसकट. मी दिला नेऊन. साखर घातली व्हती त्यात, पाव किलो." मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. "सासूबाई म्हणत्यात अर्धा किलो व्हती."

खोक्यावर बाण उमटत गेले. उत्तरेच्या, म्हणजे प्रेरणाच्या ओळीतून सहा भांडी, सहाही पश्चिमेला, आल्या वाऱ्याच्या तोंडावर. दक्षिणेच्या ओळीतून पाच, चार पूर्वेला. वरचे बाण डावीकडं, खालचे उजवीकडं, आणि मधला रस्ता या दोहोंमध्ये स्थिर, चिंचेच्या पानासारखा. एका ओळीचं सामान पुढं गेलं आणि समोरच्या ओळीचं मागं. हे फिरल्याशिवाय होत नाही. पाचवं भांडं त्याच ओळीतल्या एका घरचा तांब्या. तो वर गेला आणि त्याच घरच्या न्हाणीत येऊन पडला. एक अपवाद. बरं वाटलं तिला. एकही अपवाद नसलेली निरीक्षणं श्रीनिवासची असतात. आणि अकरा कुत्री दोन गटांत वाटली जाऊन, ओळी सांभाळून, विरुद्ध दिशांना भांडी नेत होती, हे समितीला इतिवृत्तात घ्यायचं असेल तर तिची हरकत नव्हती.

श्रीनिवासनं पहिल्याच घंटीला फोन उचलला. "निघालीस?"

"अहवाल चूक आहे. फोटो तीनमधले पत्रे गावानं रांगेत लावलेत. तसे लावायला मी शिकवलं होतं, शिबिरात. मी हे पाच आठवडे लपवलं. तसं लिहून देते."

"हे लिहून देशील? तुझ्या कॉलेजला कळेल. लोक हसतील गं."

"हसू देत. दुसरं, माझ्याकडं अकरा भांडी आहेत. कोणतं कुठून निघालं आणि कुठं सापडलं, नावानिशी."

"भांडी." त्यानं तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला. "दमयंती, भांडी हा काही पुरावा नव्हे."

"पत्रे चालतात?"

"पत्र्यांचा फोटो आहे. हे बघ, असहमतीला नमुन्यात रकाना नाही. मला तुझं नाव काढावं लागेल. आणि नाव काढलं की ती फाईल..."

"कमी दाबाकडं जाईल. जाऊ दे. नाव काढ, श्रीनिवास. तू घातलंस, तूच काढ. माझं पत्र मी पाचला आणून देते, त्याची पोच दे. चहा नको."

फोन ठेवून तिनं पेनाला टोपण लावलं. रस्त्यावरून रिक्षा वाट काढत होत्या, समोरच्या दुकानात कुणीतरी पाण्याच्या टाक्या ठोकून दाखवत होतं. यंत्रं गेली. निवृत्तीपर्यंत आता उदबत्ती आणि कुलरचा पंखा. अप्पारावही नाहीत. मनात खोल कुठंतरी ती पोकळी उघडली, कानांत दडे बसले, दोन श्वासांपुरतं काहीच हललं नाही. आणि तिला ते ओळखीचं वाटलं. इथं ती पूर्वी उभी राहिली होती. तेव्हाही थप्पड नंतरच आली होती.

पत्र उद्या एखाद्या कपाटात जाईल, परवा गठ्ठ्यात, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं तर या जिल्ह्यात असं कधी झालंच नव्हतं म्हणून बारावं पान दाखवलं जाईल. कागद आवरता येतो. तिनं पातेल्याकडं पाहिलं आणि पुन्हा प्रेरणाला फोन लावला, कारण न विचारता कुणाच्या भांड्यावर काही टाकायचं नसतं. प्रेरणानं ऐकून घेतलं, मग फोन लांब धरून आतल्या खोलीला विचारलं. आत बराच विचारविनिमय झाला.

"सासूबाई म्हणत्यात, टाका. पर पोचा काढू नका. पावण्यांनी इचारलं तं दाखवायला काय ऱ्हाईल?"

तिनं खोक्याच्या कडेवर लिहून दिलेला मजकूर नूरमोहम्मदभाईंनी दोनदा वाचला. 'दि. ११ मे, दुपारी ४ वा. १० मि., टोर्नेडो. वारा पश्चिमेकडून आला, पातेलं पश्चिमेला गेलं.'

"आहेरावर इतकं कोणी टाकत नाय," ते म्हणाले.

"मोठ्या अक्षरात टाका. घासलं तरी राहील असं."

सुई सुरू झाली. खर्रर्र आवाजात एकेक अक्षर स्टीलमधून पांढरं होऊन वर येत गेलं, मामाच्या नावाशेजारून वळसा घेत, पोच्याच्या काठाकाठानं. शेवटच्या टिंबाशी त्यांनी सुई उचलली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"खाली तुमचं नाव ना?"

"हो. डॉ. दमयंती राजूरकर."

"आणि? सप्रेम भेट?"

"नाही," ती म्हणाली. "सहमत."

त्यांनी मान डोलावली आणि सुई टेकवली. ते अक्षरं पुरी करेपर्यंत दमयंती पलीकडच्या किराणा दुकानात गेली आणि साखर मागितली. किती, असं वाण्यानं विचारलं. पातेलं भरेल एवढी, ती म्हणाली.